पिरोष्काची घंटा

माझ्या बहिणीनं, पिरोष्का कोचिशनं, एका बाईला घंटेनं झोडपलं. हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. फ्रेंच स्ट्रीटवरच्या आमच्या हंगेरियन लोकांत ही गोष्ट खूप जणांनी सांगितली आणि प्रत्येकानं चुकीची सांगितली, म्हणून आता मीच लिहायला बसलोय. माझी शाळा सातवीत सुटली. पण चेपलेला मडगार्ड मी असा सरळ करतो की ठोकणारा स्वतः आला तरी कुठं ठोकलं होतं ते त्याला सांगता येत नाही. न्यू जर्सीतल्या या आमच्या न्यू ब्रन्सविकमध्ये माझ्यासारखा दुसरा दाखवा. मग लिहिणं काय मोठं.

छप्पन साली रशियन रणगाडे आले आणि आम्ही हंगेरीतून पळालो, तेव्हा मी सोळाचा आणि पिरी, म्हणजे पिरोष्का, नऊची. सरहद्दीवरचा चिखल तिनं माझ्या पाठीवर बसून ओलांडला. ती मला बात्यो म्हणते, म्हणजे दादा. दादा म्हणते, पण ऐकत कधीच नाही.

आमच्या घरात विसरायची पद्धत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमचा बाप मरेपर्यंत गावातल्या एका गिरणीवाल्याला शिव्या घालत होता, आणि तो गिरणीवाला बापाच्या किती तरी आधी मेला होता. पिरी बापाच्याही वर. इथल्या शाळेत पहिल्या वर्षी पेगी नावाच्या पोरीनं हिच्या डब्यातला भरलेला कोबी हुंगून नाक दाबलं. पिरी काही बोलली नाही. बोलणार काय, भाषाच येत नव्हती. पुढच्या वर्षी भाषा आली आणि बाईंनी तिला दुधाच्या बाटल्या वाटायच्या कामावर नेमलं. पिरीनं रोज पेगीचं नाव सगळ्यात शेवटी पुकारलं. वर्षभर त्या पोरीनं कोमट दूध प्यायलं आणि का ते तिला कधी कळलं नाही. मी विचारलं, तिला कळलंच नाही तर मजा काय? पिरी म्हणाली, मला कळतं ना.

तेव्हा ती लहान होती. पुढं तिचं हे मत बदललं.

मोठी झाल्यावर ती लॉकरिज आणि मंडळींकडे टायपिस्ट म्हणून लागली. कुणी काही नवीन शोधून काढलं की त्याच्या हक्काचे कागद लिहिणारे हे वकील. एकेक कागद म्हणजे तीच तीच वाक्यं पुन्हा पुन्हा, आणि एक स्वल्पविराम इकडचा तिकडं झाला तर पान परत. तिथला रिवाज असा होता, की ऑफिसात राहणाऱ्या प्रतीवर टायपिस्टनं पानाच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात आपल्या नावाची दोन छोटी अक्षरं टाकायची. पिरीची होती पी-के. पान चांगलं असलं तर शाबासकी कुणाला आणि खराब असलं तर बोलणी कुणाला, हे त्या दोन अक्षरांवर ठरायचं. तिथल्या बायका लग्नाच्या अंगठीला जपणार नाहीत इतक्या त्या अक्षरांना जपायच्या.

मग सत्त्याहत्तर साली तिथं संगणक आला. युनिक्स म्हणतात तो, आमच्याच जर्सीची पैदास. टाईपरायटर उचलून नेले आणि प्रत्येकीच्या टेबलावर काचेचा पडदा असलेलं टर्मिनल ठेवलं. कागदावर छापायला एक जुना टेलिटाइप आणला, तो नेमका मिस्टर लॉकरिजच्या दाराबाहेर. चालू झाला की दगडी रस्त्यावर घोडा दौडतोय असं वाटायचं. त्याच्या पोटात खरीखुरी पितळी घंटा होती.

बाकीच्या बायका चार दिवस रडल्या. ग्लॅडिस नावाची एक तर टर्मिनलला पाठ करून बसायची. पिरीनं मात्र त्याला वश केला. रविवारी जेवायला आली की मला तेच सांगत बसायची, म्हणून मला सगळं माहीत आहे. त्यावर कंट्रोल नावाचं एक बटण असतं. ते दाबून धरून एखादं अक्षर दाबलं की पडद्यावर काही उमटत नाही, पण यंत्र ते गिळतं आणि बाकीच्या अक्षरांसारखं फायलीत ठेवून देतं. कंट्रोल आणि एच म्हणजे एक घर मागे. शब्दाखाली रेघ हवी असली की पिरी आधी रेघ मारायची, मग एक घर मागे, मग अक्षर. पडद्यावर नुसतं अक्षर दिसायचं, कारण तिथं मागचं पुसलं जातं. कागदावर काही पुसलं जात नाही, तिथं दोन्ही एकावर एक छापून यायचं.

आणि कंट्रोल आणि जी म्हणजे घंटा. एचच्या शेजारीच जी आहे. एकदा रेघ मारताना तिचं बोट घसरलं, तिचं टर्मिनल बीप करून गेलं, पडद्यावर काही दिसेना म्हणून तिनं सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी टेलिटाइप त्या ओळीवर आला आणि टिंग झालं. पिरीनं ते ध्यानात ठेवलं. ती सगळंच ध्यानात ठेवते.

डोरीन हॅस्केल या सगळ्यानंतर आली. सेक्रेटरीच्या कॉलेजातून शिकून आलेली, नखं रंगवलेली, सगळ्यांशी गोड. पिरीनं तिला यंत्र शिकवलं. आईच्या हातचा खसखशीचा रोल नेऊन खायला घातला. डोरीननं तो खाल्ला आणि अजून आहे का विचारलं. सहा महिन्यांत बाईनं मिस्टर लॉकरिजकडून एक काम स्वतःकडे मागून घेतलं, सगळ्यांच्या फायली गोळा करून पडद्यावर तपासायच्या आणि छापायला सोडायच्या. त्या संगणकात कुणाच्या फायलीला कुलूप नव्हतं. तेव्हा कुणी लावतच नसे. एका घरातली माणसं एकमेकांच्या ट्रंकांना कुलूप लावतात का.

एक दिवस मिस्टर लॉकरिजनं पिरीला आत बोलावलं आणि चुकांनी भरलेलं एक पान पुढं टाकलं. गवत कापायच्या यंत्राचं पान होतं. पिरीनं ते जन्मात पाहिलं नव्हतं, पण खाली अक्षरं होती पी-के. शेजारी मासे खवलायच्या यंत्राचं पान पडलं होतं. ते पिरीनं दोन दिवस खपून टाईप केलेलं, वाक्य न वाक्य पाठ. त्याच्या खाली होतं डी-एच.

ती म्हणाली, हे माझं नाही आणि ते माझं आहे. म्हातारा म्हणाला, "मिस कॉकसिस, अक्षरं तर तुमची आहेत." दहा वर्षांत त्याला कोचिश म्हणता आलं नाही. मग त्यानं सांगून टाकलं, की बाटल्या भरायच्या यंत्राचं मोठं काम येतंय, ते संपलं की संगणकाच्या खोलीला एक मुख्य बाई नेमणार आणि जी चुका करते तिला खाली तळघरात टपालाच्या पाकिटांवर पाठवणार.

त्या रविवारी पिरी जेवली नाही. आईनं चिकन पाप्रिकाश केलं होतं, ताटात तसंच गार झालं. मी तिला मागच्या अंगणात नेलं आणि सगळं काढून घेतलं. मग विचारलं, डोरीनची गाडी कुठली? मी फक्त चारी टायरची हवा सोडणार होतो. फार फार तर आरसा.

पिरी म्हणाली, "तू हवा सोडलीस तर ती टॅक्सीनं येईल. मला ती त्या खुर्चीत बसलेली पाहिजे, बात्यो. सगळ्यांच्या समोर."

"आणि तुला तळघरात घातलं तर?"

"तर गाडी तुझी."

मी माझ्या आयुष्यात एवढा सरळ सौदा कुणाशी केला नाही.

आता डोरीनची एक सवय ऐका, सगळं त्यावर आहे. टर्मिनलवर काही वेडंवाकडं दाबलं की ते बीप करतं. डोरीनला ते सहन होत नसे. डोकं दुखतं म्हणून तिनं दुरुस्तीवाल्याला गोड बोलून आपल्या टर्मिनलच्या आतली तारच काढून घेतली होती. पिरीचं म्हणणं, डोकंबिकं काही नाही, आपली चूक झालेली कुणाला ऐकू येऊ नये म्हणून. ते काहीही असो, खोलीत फक्त तिचं टर्मिनल मुकं होतं.

बाटल्यांच्या यंत्राचं काम आलं. शेकडो पानं. टेलिटाइपच्या खडखडाटाला म्हातारा कावला होता, म्हणून त्यानं हुकूम काढला, की आधी सगळं टाईप करून तपासून ठेवा आणि छपाई एकदम शेवटी करा. पिरीला हेच हवं होतं. तिनं आपल्या प्रत्येक पानाच्या पहिल्या ओळीच्या शेवटी कंट्रोल आणि जी दाबलं. प्रत्येक पानाच्या. पडद्यावर काही नाही. फक्त दाबलं की तिचं टर्मिनल बीप करायचं, कारण यंत्र ते गिळण्याआधी एकदा ओरडतं.

डोरीनला तर मेजवानीच मिळाली. दर थोड्या वेळानं पिरीच्या टेबलावरून बीप, आणि डोरीन लगेच सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं बोलणार. "पिरी, आज पुन्हा घसरलीस का गं?" दुसऱ्या दिवशी, "हिच्याकडं आज चर्चचा कार्यक्रम आहे वाटतं." बायका हसायच्या. ग्लॅडिससुद्धा हसायची. एकदा डोरीननं मिस्टर लॉकरिजच्या देखत म्हटलं, की पिरीची किती पानं झाली हे मोजायला नको, नुसत्या घंटा ऐकल्या की कळतं. म्हातारासुद्धा किंचित हसला.

पिरी मान खाली घालून टाईप करत राहिली. रविवारी मला प्रत्येक टोमणा सांगायची, आणि सांगताना तिचे डोळे असे चमकायचे, जसे बापाचे गिरणीवाल्याचं नाव निघालं की चमकायचे. मी दर रविवारी विचारायचो, बास झालं ना आता? ती म्हणायची, अजून बोलू दे तिला, जितकं बोलेल तितकं चांगलं. मला तेव्हा कळलं नव्हतं. मला वाटलं पोरगी मार खाऊन खाऊन वेडी झाली.

रोज संध्याकाळी डोरीन फायली तपासायला घेऊन बसायची. पिरीची नीट पानं निवडायची, खालचं पी-के काढायची, डी-एच घालायची. स्वतःची खराब पानं पिरीच्या नावावर चढवायची. पान पडद्यावरून सरकताना पहिल्या ओळीला घंटा वाजायची वेळ यायची आणि तिचं मुकं टर्मिनल गप्प बसायचं.

छपाईचा दिवस आला. बाटल्यांच्या कारखान्याचा मालक स्वतः येऊन म्हाताऱ्याच्या खोलीत बसला होता, दार उघडं. डोरीन नवीन ड्रेस घालून टेलिटाइपपाशी उभी. पहिलं पान सुरू झालं. पहिली ओळ संपली, टिंग. खाली डी-एच. दुसरं पान, टिंग, डी-एच. तिसरं पान गप्प, त्याच्या खाली पी-के. चौथं, टिंग.

म्हातारा बाहेर आला. हा काय प्रकार, म्हणून विचारलं.

पिरीनं ठरवलं होतं, की डोरीन मला माहीत नाही म्हणेल आणि मग आपण उठायचं. पण डोरीननं न मागता मान पुढं केली. घंटा तिच्या पानांना वाजतेय म्हटल्यावर तिला वाटलं, आपली म्हणून टाकलेली बरी. ती हसून म्हणाली, "ती मीच घातली आहे, सर. पान सुरू झालं की कळावं म्हणून."

"कळलं. आता काढा. पाहुणे बसलेत."

डोरीन आपल्या टर्मिनलवर बसली. पान उघडलं. पडद्यावर बाटल्या आणि बुचं, दुसरं काही नाही. तिनं पहिल्या ओळीचा पहिला शब्द नव्यानं टाईप केला आणि पान परत छापायला सोडलं. टिंग. तिनं खालची डी-एचची ओळ काढून परत घातली. टिंग. कारखान्याचा मालक दारात येऊन उभा राहिला. डोरीनच्या मानेवर लाल चट्टे उठले. शेवटी ती म्हणाली, यंत्र बिघडलंय.

तेव्हा पिरी उठली.

"मिस्टर लॉकरिज, यंत्राला काही झालेलं नाही. घंटा माझी आहे. मी टाईप केलेल्या प्रत्येक पानाच्या पहिल्या ओळीला ती आहे. खाली अक्षरं कुणाची का असेनात."

डोरीन काही कच्ची नव्हती. ती ताडकन म्हणाली, की फायली सगळ्यांना उघड्या आहेत, हिनं माझ्या पानांत मागून घुसवली असेल. बोलणं बिनतोड होतं. म्हातारा पिरीकडं बघायला लागला.

पिरीनं डोरीनकडं बघितलं. "मागून कशी? टाईप करताना माझ्या टेबलावर रोज वाजत होती. तूच तर मोजत होतीस."

मग ग्लॅडिस, टर्मिनलला पाठ करून बसणारी ग्लॅडिस, म्हणाली, "खरं आहे. बाटलीच्या बुचाचा पहिला भाग टाईप करताना वाजली तेव्हा तू चर्चचा कार्यक्रम म्हणालीस, डोरीन. आणि ते पान आत्ता तुझ्या नावावर निघालं."

आणि म्हाताऱ्याला आपलं स्वतःचं हसणं आठवलं. पिरी म्हणते, त्याच्या चेहऱ्यावर ते आठवताना दिसलं.

त्यानं लगेच खुर्ची मागवली, टेलिटाइपच्या शेजारी टाकून बसला आणि म्हणाला, सगळं छापा. दिवसभर छपाई चालली. डोरीनला त्यानं जागेवरून उठू दिलं नाही. टिंग, डी-एच. टिंग, डी-एच. मग मध्येच एखादं गप्प, चुकांचं पान, पी-के. पिरी आपल्या टेबलावर बसून घरून आणलेलं सँडविच खात होती. मला म्हणाली, बात्यो, आयुष्यात इतकं चवीनं मी कधी जेवले नाही.

संध्याकाळी म्हातारा डोरीनला आजच काढून टाकायला निघाला होता. पिरी आडवी आली. दया म्हणून नाही, तसं कुणी समजू नका. ती म्हणाली, आधी तिला ते नीट करू दे. म्हातारा म्हणाला, ठीक, अक्षरं बदलू दे. पिरी म्हणाली, बदलायची नाहीत. डी-एच तसंच ठेवायचं, मग कंट्रोल आणि एच दोनदा, मग त्यावर पी-के.

म्हाताऱ्याला त्यातलं काही समजलं नाही, पण त्या दिवशी पिरीनं संगणक खिडकीतून फेका म्हटलं असतं तरी त्यानं फेकला असता. पुढचा आठवडाभर डोरीन एकेक फाईल उघडून बसली. पिरी मागं उभी. कंट्रोल एच, कंट्रोल एच, पी, के. पडद्यावर स्वच्छ पी-के दिसायचं, जसं काही घडलंच नाही. पण कागदावर डी-एचच्या उरावर पी-के बसलेलं, काळं कुट्ट, आणि खालचं वाचता येतं. ऑफिसच्या कपाटात ती प्रत आजही आहे. कुणीही काढून बघावं.

पिरी मुख्य बाई झाली. डोरीन तळघरात पाकिटं चिकटवायला गेली आणि नाताळच्या आधी सोडून गेली. पिरीनं तिला जाताना खसखशीचा रोल दिला नाही.

आमच्या जागी कुणी दुसरं असतं तर गोष्ट इथं संपली असती.

अकरा वर्षांनी सॉमरसेट स्ट्रीटवरच्या माझ्या गॅरेजमध्ये एक बाई निळी बुइक गाडी घेऊन आली, पुढचा मडगार्ड चेपलेला. काउंटरवर मी एक पितळी घंटा ठेवलेली आहे, दाबली की वाजते. का ठेवली ते तुम्हाला कळलं असेल. बाईनं घंटा वाजवली. मी काचेमागून बघितलं आणि ओळखलं. ऑफिससमोर पिरीनं ती मला एकदा लांबून दाखवली होती, आणि चेहरा मी विसरत नाही. माझ्या हातात कॉफी होती. ती मी संपवली. बाई वाजवत होती, थांबत होती, परत वाजवत होती. कप धुतला, पुसला, खुंटीला लावला, मग बाहेर गेलो. गॅरेजच्या पाटीवर माझं नाव नाही, आणि तिनं मला कधी पाहिलेलं नव्हतं. मी अगदी अदबीनं गुरुवारी या म्हटलं.

मडगार्ड मी आरशासारखा केला. कोचिश लोक काम बिघडवत नाहीत, शत्रूचंसुद्धा नाही. हे लिहून ठेवतो, कारण माझा मेव्हणा बाहेर दुसरंच सांगत फिरतो.

बुधवारी पिरीला फोन केला. मग तिनं विचारलं, गुरुवारी किती वाजता.

पिरीनं त्या दिवशी रजा टाकली. दहा वर्षांत आजारपणाला टाकली नव्हती. केस बसवून, चांगला कोट घालून आली आणि मागच्या खोलीत टायरच्या रचलेल्या ढिगावर बसून राहिली. डोरीन आली. काउंटरवर कुणी नाही म्हणून तिनं घंटा वाजवली. पिरी हलली नाही. परत वाजवली. पिरी बसल्या जागी डोळे मिटून ऐकत होती, जसं लोक रविवारी चर्चमध्ये ऐकतात. मी म्हटलं, जा ना आता. तिनं मला बोटानं गप्प केलं.

आणखी एकदा वाजली. मग ती उठली, कोट नीट केला आणि किल्ली घेऊन बाहेर गेली.

डोरीनचा हात घंटेवर होता, तो तिथंच राहिला. मी दाराच्या फटीतून बघत होतो. पिरीनं किल्ली काउंटरवर ठेवली, गाडी मिळाल्याचा कागद तिच्यापुढं सरकवला आणि स्वतःचं पेन उघडून दिलं.

"इथं सही कर, डोरीन," ती म्हणाली. "या वेळी स्वतःच्या नावाची."